न झालेली सही

भिंतीला खांदा लावून दिवसभर चालणे हा ज्यांचा उद्योग आहे, अशी माणसे या जगात थोडीच असतील. भिंगताई त्यांपैकी एक होत्या. व्हिडिओ गेम तयार करणाऱ्या एका कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडक्यांचे पडदे सदैव ओढलेल्या एका लांबट खोलीत, गेली एकोणीस वर्षे त्या हेच करीत आल्या होत्या. गेममधल्या प्रत्येक घराला, कुंपणाला, पुलाच्या कठड्याला आपले पात्र चिकटवायचे आणि तसूतसूने पुढे सरकवायचे. एखादी भिंत पोकळ निघून ते पलीकडच्या शून्यात कोसळते की काय, हे पाहायचे. दार उघडत असतानाच लावायचे, समोरचा बोलत असताना मध्येच पाण्यात उडी घ्यायची. कोणताही शहाणा खेळाडू जे करणार नाही ते शंभर वेळा करायचे, आणि काही बिघडलेच तर ते कसे बिघडले हे ओळीवार लिहून ठेवायचे. या तपश्चर्येचे दृश्य फळ एवढेच, की त्यांच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता.

तरुण सहकाऱ्यांनी त्यांचे नाव ‘भिंग’ ठेवले होते. ते कानावर आले तेव्हा त्या म्हणाल्या, “नुसतं भिंग काय म्हणता? वयाचा तरी मान ठेवा.” तेव्हापासून त्या भिंगताई झाल्या.

या कंपनीत येण्याआधी त्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होत्या. तेथे ऐन तिशीत त्यांच्या हातून एक प्रमाद घडला. शालेय अंकगणिताच्या पुस्तकाची शेवटची पाने थकल्या डोळ्यांनी वाचली गेली, आणि उत्तरांची एक अख्खी यादी एका ओळीने खाली सरकलेली तशीच छापून निघाली. “चालायचंच, छापील चूक,” म्हणून मालकांनी विषय मिटवला. ताईंच्या मनात तो मिटला नाही. त्या वर्षी किती मुलांनी आपले बरोबर आलेले उत्तर मागच्या पानाशी ताडून पाहिले असेल आणि मुकाट्याने खोडून टाकले असेल! पुढे छापखाना बंद पडला, ताई या कंपनीत आल्या. पण त्या पुस्तकाच्या वेळी कानाला लावलेला खडा त्यांनी कधी काढला नाही.

कंपनीच्या निर्मितीप्रमुखांना सारे ‘कप्तान’ म्हणत. ताईंहून ते दहा वर्षांनी लहान. चौदा वर्षांपूर्वी ते आले तेव्हा पहिल्याच दिवशी तपासनिसांच्या खोलीत येऊन जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, “मला हरवून दाखवा.” तीन डाव हरले, खळखळून हसले, आणि खोली जिंकून गेले. कोणाच्या मुलाची परीक्षा कधी आहे, कोणाची आई दवाखान्यात आहे, हे त्यांना मुखोद्गत असे. त्यांच्याविषयी वाईट बोलणारा माणूस त्या इमारतीत शोधूनही सापडला नसता.

त्यांची एक रीत होती. गेम बाजारात जाण्याआधी मंजुरीची बैठक भरे. विक्रीचे लोक आपले आलेख दाखवीत, प्रोग्रामर आपल्या अडचणी मांडीत. कप्तान सारे शांतपणे ऐकून घेत, आणि अखेरीस टेबलाच्या टोकाशी बसलेल्या ताईंकडे वळून विचारीत, “ताई, काही राहिलंय?” ताई ‘नाही’ म्हणाल्या की सही. ‘राहिलंय’ म्हणाल्या की पेन खिशात. प्रश्न ते एकदाच विचारीत. आपल्या शब्दाला एवढे वजन असावे, याचे ताईंना प्रथम भय वाटे. पुढे तेच त्यांच्या आयुष्याचे भूषण झाले.

गेली पाच वर्षे कंपनीत एक आगळा गेम तयार होत होता. पुराने वाहून गेलेले नदीकाठचे गाव खेळाडूने एकेक घर करून पुन्हा उभे करायचे, एवढाच त्याचा खेळ. विक्रीप्रमुखांनी पहिल्याच दिवशी नाक मुरडले होते. “यात कोणी मरतच नाही. विकायचा कसा?” त्यावर मुख्य प्रोग्रामर म्हणाला होता, “धीर धरा, बाजारात मरेल.” कप्तानांनी मात्र तो पोटच्या पोरासारखा जपला. त्यातली घरे रंगवणारी मुलगी म्हणजे ताईंची भाची. बहीण गेल्यापासून ती ताईंपाशीच राहत होती; ही नोकरीही ताईंनीच शब्द टाकून मिळवून दिलेली. बाराशे घरे तिने रंगवली, आणि एकाची खिडकी दुसऱ्यासारखी नव्हती.

आणि एका सोमवारी सकाळी बातमी आली, की कप्तान चालले. तेही कुठे, तर समोरच्याच प्रतिस्पर्धी कंपनीत, तिच्या साऱ्या कारभाराचे प्रमुख होऊन. शुक्रवार त्यांचा शेवटचा दिवस. त्यांच्या जागेवर येणाऱ्या नव्या साहेबांनी मंगळवारीच सभागृहात सांगून टाकले, “संथ गेम लोक कौतुकाने बघतात आणि विकत दुसराच घेतात.” कंपनीचा नियम असा, की सही झालेल्या गेमची तारीख तत्काळ जाहीर होई आणि तो मागे घेता येत नसे, सही न झालेला गेम नव्या प्रमुखापुढे नव्याने जाई. म्हणून कप्तानांनी शुक्रवारी दुपारी मंजुरीची बैठक ठेवली. जाता जाता गेमला बाहेर काढायचे, असा त्यांचा निश्चय होता. सारे त्या एका सहीकडे डोळे लावून बसले.

गुरुवारी संध्याकाळी ताईंना दोष सापडला.

तो त्यांनी पाहिला, पुन्हा पुन्हा करून पाहिला, आणि नोंदवला नाही. यंत्र बंद करून त्या घरी आल्या. एकोणीस वर्षांत असे प्रथमच घडत होते.

शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघरात भाचीने त्यांच्यापुढे चहा ठेवला.

“मावशी, काय झालंय? कालपासून तोंड शिवल्यासारखी बसली आहेस.”

ताईंनी सांगितले. “गाव जतन होत असताना, नेमक्या त्याच क्षणी बाहेर पडायचं बटण दाबलं, तर फाइल कोरी होते. उभं केलेलं सगळं गाव जातं.”

“किती वेळा होतं?”

“चाळीसात तीनदा.”

“आणि नेमक्या त्या क्षणी बटण दाबणार कोण? तुझ्याशिवाय?”

“घाईतला कोणीही. बाळ रडलं, दारावरची घंटा वाजली.”

“बाहेर पडल्यावर पंधरा दिवसांत दुरुस्ती पाठवता येईल. सगळ्या कंपन्या पाठवतात.”

“त्या पंधरा दिवसांत ज्याचं गाव जाईल, त्याला काय पाठवणार?”

“माफीचं पत्र पाठवू! मीच लिहीन, सुंदर अक्षरात.” भाचीचा आवाज चढला. “कोणाचं तरी एक गाव जाईल म्हणून माझी बाराशे घरं बुडवणार तू? आज सही झाली नाही तर गेम संपला. तुला ठाऊक आहे ना?”

“आहे.”

“मग एक शब्द म्हण. ‘नाही.’ बस्स. खोटं बोलवत नसेल तर खोकल्याची उबळ काढ.”

ताईंना हसू आले. भाची हसली नाही.

दुपारी बैठकीच्या दारातच मुख्य प्रोग्रामरने हात जोडले. “ताई, आज मौनव्रत धरा. वाटल्यास एक दिवसाचा पगार देतो.” बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हते, तो सर्वांनाच हसवत होता. कप्तान आत आले तसे त्यांनाही त्याने सोडले नाही. “आम्ही ऐकलं होतं, कप्तान जहाज सोडतो तो सगळ्यांच्या शेवटी!”

“बुडत्या जहाजाचा नियम आहे रे तो,” कप्तान म्हणाले. “हे छान तरंगतंय.”

आलेख झाले, भाषणे झाली. कप्तानांनी कागद पुढे ओढला, पेनाचे टोपण काढले आणि टेबलाच्या टोकाकडे पाहिले.

“ताई, काही राहिलंय?”

भाची समोरच्या बाजूला बसली होती. ती आपल्या नखांकडे पाहत होती. ताईंनी ‘नाही’ हा शब्द मनात जुळवला.

“राहिलंय,” त्या म्हणाल्या.

आणि मग कप्तानांनी चौदा वर्षांत जे कधी केले नव्हते ते केले. त्यांनी पुन्हा विचारले.

“ताई, खरंच राहिलंय?”

त्यांच्या डोळ्यांत याचना होती. असत्याला इतके सभ्यपणे दार उघडून दिलेले ताईंनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. त्यांनी दोष सांगितला, कसा उद्भवतो ते सांगितले, चाळीसात तीनदा हेही सांगितले. कप्तानांनी सारे ऐकले. नंतर सावकाश टोपण लावले आणि पेन खिशात ठेवले.

“मग नाही,” ते म्हणाले.

चार वाजता त्याच खोलीत केक कापला गेला. माणसे रडली. भाचीही रडली, पण ते अश्रू निरोपाचे नव्हते. ताई लिफ्टपाशी उभ्या होत्या, तेथे कप्तान हातात फुले घेऊन आले.

“ताई, तुमच्यासारखं माणूस मला तिकडे मिळायचं नाही.”

“मला नका नेऊ. भाचीला न्या.”

“इथलं कोणीही वर्षभर न्यायचं नाही, असं लिहून घेतलंय माझ्याकडून. हात बांधलेत माझे.”

“आज मात्र हात मोकळे होते तुमचे. सही करता आली असती.”

“तुम्ही राहिलंय म्हणालात, ताई.”

“मी काय, जे आहे ते सांगते. सही तर तुमचीच असते ना?”

कप्तान काही बोलणार होते. तोवर लिफ्ट आली, आत चार माणसे होती, आणि चौघांनाही त्यांच्याशी हस्तांदोलन करायचे होते.

ताई जिन्याने उतरल्या. तीन मजल्यांच्या त्या पायऱ्यांवर त्यांना एक गोष्ट उमगली, जी चौदा वर्षांत उमगली नव्हती. या इमारतीत जेवढे नकार उच्चारले गेले ते सारे त्यांच्या मुखाने, आणि जेवढे होकार दिले गेले ते कप्तानांच्या हाताने. यात कपट नव्हते. तो मनुष्य खरोखर सज्जन होता. केवळ अप्रिय होणे त्याच्या स्वभावात नव्हते, आणि ते काम त्याने अत्यंत आदराने, ‘ताई’ म्हणून, दुसऱ्याकडे सोपवले होते. ज्याला आपण जन्मभर विश्वास समजलो तो विश्वासच होता का, हे आता विचारावे तरी कोणाला?

भाचीने घरी आल्यावर एवढेच म्हटले, “हात दाखवून अवलक्षण. आता सगळे म्हणतील, कप्तान देवमाणूस होता, पण त्या म्हातारीने घात केला.” नंतर बऱ्याच वेळाने ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “त्यांना सही करायचीच असती ना मावशी, तर त्यांनी केली असती गं.” तिच्या या बोलण्यात क्षमा होती की नाही, हे ताईंना कळले नाही. त्यांनी विचारलेही नाही.

दोष दुरुस्त करायला प्रोग्रामरला नऊ दिवस पुरले. दहाव्या दिवशी नव्या साहेबांनी गेम बंद केला. त्याची चित्रे रंगवणाऱ्या सहाही जणांना महिनाअखेरीची पत्रे मिळाली. भाचीला दुसऱ्या गावी साबणाच्या वेष्टनांची चित्रे काढण्याचे काम लागले. दोन पेट्या घेऊन ती गेली. पोहोचल्याचा फोन तिने केला. नंतरचे फोन आठवड्याचे पंधरवड्यावर गेले.

ताईंची नोकरी मात्र टिकली. नव्या साहेबांनी त्यांना बोलावून सांगितले, “तुमच्याइतकं काटेकोर कोणी नाही म्हणतात. बंद केलेल्या गेमचं काहीही आपल्या संगणकांच्या साठ्यात उरता कामा नये. पुसलं गेलंय का, तेवढं तपासा.”

मग ताई रोज सकाळी त्या लांबट खोलीत बसून फाइलींच्या यादीतल्या एकेका ओळीवर बोट ठेवीत आणि त्या ठिकाणी काही नाही याची खात्री करून घेत. नदी गेली होती. पूल, कुंपणे, माणसांचे आवाज गेले होते. पाचव्या दिवशी एका जुन्या प्रतीत एक घर राहून गेलेले सापडले. बसके, दोन खिडक्यांचे, एका खिडकीत वाळत घातलेला निळा टॉवेल. ते इतक्या आतल्या कप्प्यात होते, की दुसऱ्या कोणाला कधी सापडले नसते. ताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. घराभोवतीची जमीन केव्हाच पुसली गेली होती. ते नुसते पांढऱ्यात उभे होते.

त्यांनी त्याचा क्रमांक लिहून खाली, पुसणाऱ्यांकडे पाठवला. दुपारनंतर पुन्हा उघडून पाहिले, तर ते तिथे नव्हते. त्या पुढच्या ओळीकडे वळल्या.