पोस्टमनचा नकार

दुपारी पोस्टमन आमच्या गल्लीत शिरतो, तेव्हा समोरच्या शालिनीताई गॅलरीत उभ्याच असतात. हातात वाळत घालायला टॉवेल असतो, तोही सकाळीच वाळलेला. पोस्टमन सायकलवरून उतरत नाही. नुसता वर बघतो आणि नकारार्थी मान हलवतो. ताई हसून आत जातात. गावाकडची बहीण त्यांना कधीतरी एखादं पत्र लिहिते. बाकी दिवस हा असा नकारच.

तरी माझा जळफळाट होतो.

परवा वाण्याच्या दुकानात विषय निघाला, की आता टपाल रोज न वाटता दिवसाआड वाटणार म्हणे. मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "बरंच होईल. पत्रं लिहितंय कोण आता?"

शालिनीताई शेजारीच साबुदाणा घेत होत्या. म्हणाल्या, "पत्र रोज कुठे येतंय हो? पण रोज वाट तर बघता येते."

मी चरफडतच घरी आले. माझा मुलगा परदेशात असतो. त्याचे फोटो, निरोप क्षणात मोबाइलवर येतात. येत नाहीत तेव्हा मोबाइल नुसता गप्प पडून असतो.

आज सायकलची घंटा वाजली आणि मीही गॅलरीत गेले. हातात टॉवेल होता, वाळलेलाच. पोस्टमनने समोर ताईंकडे बघून मान हलवली. ताई हसल्या. तो तसाच पुढे निघून गेला. मला नाही म्हणायचंसुद्धा त्याला काही कारण नव्हतं.