टेबलावर चढू नकोस

"टेबलावर चढू नकोस. तिथूनच सांग काय होतंय."

माझा एक पाय तपासायच्या टेबलाच्या पायरीवर, निऱ्या हातात. पाय खाली घेतला. दार अर्धं उघडं, बाहेर बाया बसलेल्या. मी हळूच सांगितलं, पांढरं जातंय, वास येतोय, मधेच रक्ताचा डाग दिसतोय. डॉक्टरबाईनं रुमाल नाकाला लावला.

"आधी स्वच्छता शिका तुम्ही लोक. डेटॉल टाकून आतून धूत जा. रोज."

तुम्ही लोक. म्हणजे कोण? एचआयव्हीवाले, पेणकरपाड्याच्या वस्तीतले, का दारावर निळा झेंडा लावणारे? तेव्हा नाही विचारलं. तेव्हा मी तिला अहो-जाहो करायची. आता करत नाही.

ही बाई परकी असती तर एवढं लागलं नसतं. सिल्व्हर पार्कात तिचा दवाखाना. माझी पोरगी तिच्याच हातावर झाली. कळा येत होत्या तेव्हा माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली होती, "घाबरू नकोस गं, मी आहे ना." त्या एका वाक्यावर मी किती वर्षं जीव टाकला! नवरा गेला, माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तेव्हा नांदेडला आईला कळवायच्या आधी मी हिला सांगितलं. ताई म्हणून सांगितलं.

त्या दिवसापासून माझा नंबर शेवटचा. लवकर जाऊन बसले तरी शेवटचा. सगळ्या बाया तपासून झाल्या की मला हाक. आणि टेबल माझ्यासाठी बंद.

मी धुवायला लागले. मोरीत बसून, ओठ दाताखाली धरून. बाई गं, काय आग व्हायची! वास दोन दिवस जायचा, परत यायचा. मग मी डेटॉल वाढवायची. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात मी पॅकिंगला. शेजारी बसणारी शबनम म्हणायची, "क्या दीदी, अस्पताल जैसी बास मारती है." सगळ्या हसायच्या. मीपण हसायची. काय सांगणार?

एचआयव्हीच्या गोळ्या सरकारी सेंटरवर मिळायच्या. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, गर्भपिशवीचं तोंड एकदा तपासून घे, एचआयव्हीवाल्या बायांना तिथं लवकर बिघाड होतो. मी परत सिल्व्हर पार्कला. "ताई, आतून बघा ना." तिनं मला पडद्यामागं स्टुलावर बसवलं. लांबून वाकल्यासारखं केलं. हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, "तपासलं. सगळं ठीक आहे. धूत राहा."

मी निवांत घरी आले. त्या दिवशी पोरीला शिरा करून घातला. आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

पुढं रक्त जास्तच जायला लागलं. सिस्टरनी मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथली डॉक्टर कोवळी पोर. म्हणाली, "या, वर चढा."

"चढू?"

"मग? खाली उभं राहून कसं बघणार मी?"

मला रडूच फुटलं. ती बिचारी गोंधळली. तिला काय माहीत.

तिनं आत व्हिनेगरसारखं आंबट औषध लावलं. पिशवीच्या तोंडावर पांढरा डाग उठला. एक तुकडा काढून तपासायला पाठवला. पुढच्या खेपेला सांगितलं, कॅन्सर नाही, पण कॅन्सरच्या आधीची पायरी आहे. मी डेटॉलचं सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. म्हणाली, बाईच्या अंगात चांगले जंतू असतात. दुधात विरजण असतं ना, तसे. ते आतला आंबटपणा राखतात, वाईट जंतूंना टिकू देत नाहीत. एचआयव्हीत ते आधीच कमी पडतात, त्यात तुम्ही रोज मारत होतात. डाग धुण्यानंच आला असं नाही. त्याचा विषाणू वेगळा. पण धुऊन भलं काहीच झालं नाही.

"याआधी कुणी तपासलं नव्हतं?"

"तपासलं होतं. ठीक आहे म्हणाल्या."

"कशानं तपासलं?"

"स्टुलावर बसवून. लांबनं."

थंड गॅसनं डाग गोठवून जाळला. बरं वाटल्यावर मी सिल्व्हर पार्कला गेले. बाया बसलेल्या. शेवटपर्यंत थांबले नाही, सरळ आत शिरले.

"तू मला न बघता ठीक आहे म्हणालीस."

ती दाराकडं बघत म्हणाली, "हळू बोल. बाहेर ऐकू जाईल. तुझीच बदनामी."

म्हणजे एवढ्यावर ती निर्धास्त होती. मी लाजेनं मरेन, पण बोलणार नाही. मी दार सताड उघडलं.

"बायांनो, मला एचआयव्ही आहे. नवऱ्याकडनं आला. या बाईनं मला हात न लावता तपासलं म्हणून सांगितलं. आत कॅन्सर व्हायला लागला होता."

एकीनं पदर सावरून घेतला, माझा वारा लागू नये म्हणून. घेऊ दे. डॉक्टरबाई पांढरीफटक पडली. म्हणाली, "तुझं बाळंतपण केलं मी. चांगले पांग फेडलेस."

"पोरगी मी जन्माला घातली," म्हटलं, "तू हात धुतलेस."

डाग परत उठू शकतो. दर वर्षी बघावं लागेल म्हणतात. बघेन. पण आता सेंटरवर नवी बाई दिसली की मी पहिलं विचारते, "टेबलावर घेतलं का तुला?" नाही म्हणाली की पायात चप्पल सरकवते आणि तिच्याबरोबर निघते, दवाखाना कुणाचाही असो. ती टेबलावर चढेपर्यंत मी दारातनं हलत नाही.