पन्नास शर्टांची परीक्षा

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी बावीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात तपासणीचं काम केलं. शिवून आलेला प्रत्येक शर्ट त्यांच्या हाताखालून जायचा. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांना बावन्न पूर्ण झाली होती. घरात पगार तेवढा एकच. थोरल्या दिरांनी डोळ्यांच्या ऑपरेशननंतर काम सोडलेलं.

चार ठिकाणी नकार आला. एकाने तर वय ऐकून नुसतंच "कळवतो" म्हटलं. पाचव्या कारखान्याने परीक्षेला बोलावलं. उत्तरं टॅबवर द्यायची होती, म्हणून आदल्या दिवशी लेकीने मोबाइलवर सराव करून घेतला.

"आई, बोट हलकेच टेकव. दाराची घंटी नाहीये ती."

"मग वाजली की नाही ते कळायचं कसं?"

सोबतीला मी गेले होते, त्यामुळे पुढचं सगळं समोर घडलं. लांबलचक टेबल, पन्नास शर्ट, अर्धा तास. शर्ट चांगला असला तर हिरवं बटण, खोट असली तर लाल. भरतीवाली मुलगी घड्याळ लावून उभी. जाऊबाईंनी मनात देवाचं नाव घेतलं आणि पहिला शर्ट ओढला. त्या बघत कमी, चाचपत जास्त होत्या. कॉलर चिमटीत धरून चोळायच्या.

"मावशी, शर्टाला काय विचारताय?"

"खरं बोलतोय का ते."

पंचवीस मिनिटांत पन्नास संपले. लाल नऊ. टॅबने नापास ठरवलं. खोट असलेले शर्ट मुद्दाम मिसळले होते ते सहाच. ते सहाही त्यांनी पकडले होते, पण वरचे तीन चूक धरले गेले.

जाऊबाईंनी त्या तिनांतला एक मुलीच्या हातात दिला. "कॉलर चोळ. आतलं बकरमचं कडक कापड नीट चिकटलेलं नाही. पहिल्याच धुण्यात फुगे येतील."

मुलीने चोळलं, पुन्हा चोळलं. "सरकतंय खरं काहीतरी," ती आवाज खाली आणून म्हणाली. "पण यादीत ही खोट नाही, मावशी. यादी मी करत नाही. तुम्हाला अजून एक संधी आहे. आत्ताच घ्याल?"

"हे तीन सोडले तर जातील कुठे?"

"दुकानात. बाकीचे जातात तिथेच."

मला वाटलं, आता जाऊबाई उठतील. उठल्या नाहीत. तेच शर्ट खालीवर करून पुन्हा पुढे आले. तीन वेळा त्यांचा अंगठा कॉलरवर थबकला आणि तीनही वेळा त्यांनी हिरवं बटण दाबलं. पास झाल्या.

घर जवळ आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मला कळलं होतं, हे देवाला माहीत आहे."

आता नवीन मुली त्यांच्याच हाताखाली शिकायला देतात. परवा डबा द्यायला गेले, तेव्हा त्या एकीला बाहीची शिवण ताणायला लावत होत्या.

"टाका सैल लागतोय," मुलगी म्हणाली. "पण हे यादीत कुठंय?"

"नाहीये. तरी कळायला हवं."

"मग लाल करू?"

"नाही. हिरवं कर."

मुलीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, हिरवं दाबलं आणि पुढचा शर्ट घेतला.