भुंडे हात

आमच्या ख्रिस्ती मंडळीत बायका दागिने घालत नाहीत. सोनं नाही, काचेची बांगडी नाही, मंगळसूत्रही नाही. नटवेपणा सुटल्याशिवाय तारणाची वाट धरता येत नाही, असं आमचे पाळक सांगतात. ते तेलुगू, त्यांच्याकडच्या मंडळ्यांत ही रीत जुनी. आमच्या सीमेवरच्या, भीमपूरकडच्या मराठी गावांत मात्र भुंड्या हाताची बाई म्हणजे विधवाच.

बाप्तिस्मा आम्ही नवरा-बायकोनं एकाच दिवशी घेतला. तिनं ओढ्याच्या काठावर बांगड्या उतरवल्या. मी तंबाखू सोडली, तीही डॉक्टरनं आधीच बंद केलेली. माझ्या मनगटावरच्या घड्याळाबद्दल कुणी काही बोललं नाही.

बाजारात आम्ही भाजी विकतो. नवी गिऱ्हाईक बाई तिला हळूच विचारायची, "कवा गेले व मालक?"

"गेले कुठं? ते काय, कोथिंबिरीवर पाणी मारून राह्यले."

सगळे हसायचे. मीही हसायचो.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई अंथरुणाला खिळल्या. नेरडीगोंड्याला मुलाकडं होत्या. आम्ही पोचलो तेव्हा त्यांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी लेकीचं मनगट चाचपलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"जवाईबापू," त्या मला म्हणाल्या, "मी आता जाऊन राह्यली. एकडाव हिचे हात भरा. लेकीचे रांडमुंड हात मनात घेऊन काऊन जाऊ मी? मी डोळे मिटले का काढा मंग."

भावजय कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या घेऊन उभीच होती. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. तिला त्या घालायच्या होत्या, आईसाठी, तेवढ्यापुरत्या. ते मला स्वच्छ दिसलं.

मी म्हणालो, "प्रभूला दिलेला शब्द माघारी घेता येत नाही."

सासूबाईंनी हात काढून घेतला. त्यानंतर लेकीच्या हातचं पाणी घेतलं नाही. सुनेला हाक मारली. दोन-तीन दिवसांत गेल्या.

पुढच्या रविवारी मी मंडळीपुढं साक्ष दिली. मरणाच्या दारातही माझं घर डगमगलं नाही, असं म्हणालो. लोकांनी मोठ्यानं आमेन म्हटलं.

खरं ते आज लिहितो. त्या खाटेपाशी प्रभू माझ्या मनातही नव्हता. मंडळीच्या पंचांत मला घ्यायचं चाललं होतं, आणि बायकोच्या बांगड्या कुणी पाहिल्या तर ते राहून जाईल, एवढंच मनात होतं. त्याग तिचा होता. मान मला मिळाला.

हे मी तिला परवा सांगितलं. ती वांगी निवडत होती.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"मंग तवा काऊन नाही बोलली?"

"तुमी देवाचं नाव घेतलं. त्याच्यापुढं म्या काय बोलू?" किडकं वांगं तिनं बाजूला टाकलं. "बांगड्या म्या येशूसाठी काढल्या, त्याचं दुःख नाई. मायनं माह्या हातचं पाणी नाई घेतलं, ते तुमच्यापायी."

मी म्हणालो, रविवारी सगळ्यांपुढं कबूल करतो.

"नका करू. त्याचीबी साक्ष होईन. लोक तुमालेच आमेन म्हणतीन."

पंचांतून मी नाव काढून घेतलं. तब्येतीचं कारण दिलं. आता प्रार्थनासभेत मागच्या सतरंजीवर बसतो. ती पुढं बायकांत असते, डोळे मिटून. तिचे ओठ हलत असतात. कुणासाठी मागते, हे विचारायची हिंमत अजून झालेली नाही.