भाऊजींचा वायकिंग जावई

पनवेल शहरात माझ्या भाऊजींइतकं मनापासून घाबरणारा माणूस दुसरा झाला नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सारी नोकरी त्यांनी एका विमा कंपनीच्या दावे विभागात काढली, आणि त्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूनं कुणाला ना कुणाला तरी कधीतरी मारलेलं त्यांनी कागदोपत्री पाहिलं होतं. नारळाचं झाड, गीझर, ओली फरशी, लग्नातली कमान, लोंबणारा पंखा. तुम्ही नुसतं नाव घ्यायचं, भाऊजींकडे दावा तयार असे. खारघरला चौदाव्या मजल्यावर मी घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीला ते आले आणि सबंध दिवस स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला पाठ लावून बसून राहिले. बाल्कनीतून डोंगर फार छान दिसतात म्हटलं, तर म्हणाले, "दिसत असणार. तू सांग, मी ऐकतो." नाटकाला गेले तर दाराजवळची खुर्ची, एसटी स्टँडवर उभं राहायचं तर खांबाच्या आड. मासे त्यांना जिवापाड आवडत, पण ताटातल्या सुरमईकडेसुद्धा ते आधी चौकशी अधिकाऱ्याच्या नजरेनं बघून घेत.

अशा माणसाच्या पोटी मुग्धासारखी मुलगी यावी, हा दैवानं त्यांच्यावर केलेला विनोदच म्हणायचा. ती लहानपणी हात सोडून सायकल चालवायची आणि भाऊजी मागून डोळे मिटून चालायचे. शिकायला म्हणून ती इंग्लंडच्या उत्तरेला गेली, तिथंच नोकरीला लागली आणि समुद्रकाठच्या एका छोट्या गावातल्या टॉम नावाच्या शाळामास्तराशी तिनं लग्न ठरवलं. ताई आठवडाभर रडली. भाऊजींनी मात्र बातमी शांतपणे घेतली. "शिक्षक आहे ना, मग हरकत नाही," ते मला म्हणाले. "शिक्षकांचे दावे फार कमी येतात."

ही शांतता टिकली ती टॉमच्या वाढदिवसापर्यंत. मुग्धानं त्याला भेट म्हणून एक डीएनए चाचणी दिली. नळीत थुंकून ती नळी पोस्टानं पाठवायची, मग ते लोक आपले पूर्वज कुठले ते कळवतात. निकाल आल्यावर टॉमनं व्हिडिओ कॉलवर मोठ्या आनंदानं सांगितलं, की आपल्या वडिलांकडचे लोक मूळचे नॉर्वेचे निघाले. म्हणजे वायकिंग. आणि गंमत म्हणून त्यानं हातातला लाकडी डाव कुऱ्हाडीसारखा डोक्यावर उगारून दाखवला. भाऊजी हसले. फोन ठेवल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि ते वायकिंगांबद्दल वाचायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मला फोन. आवाज खाली गेलेला. "तू कॉलेजात शिकवतोस. तुला हे माहीत होतं?"

"काय?"

"हे लोक काय करायचे ते."

मग त्यांनी मला ते ऐकवलं. समुद्रावरून लांबलचक होड्या येत. किनाऱ्यावर मठ असत, मठात निःशस्त्र साधू आणि चांदीची भांडी. साधूंना मारायचं, चांदी उचलायची, धडधाकट माणसं गुलाम म्हणून बांधून न्यायची, आणि गावात बातमी पोचायच्या आत पुन्हा समुद्रात. पण भाऊजींच्या मनाला सगळ्यात लागली ती आणखी आधीची एक गोष्ट. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला तीन होड्या लागल्या. राजाचा तिथला अधिकारी त्यांना व्यापारी समजला आणि रीतसर ठाण्यावर चला म्हणून सांगायला गेला. त्यांनी त्याला जागच्या जागी मारलं.

"आपल्यासारखाच नोकरदार माणूस रे," भाऊजी म्हणाले. "नियमाप्रमाणे वागत होता. आणि मुगी तसल्याच एका किनाऱ्यावर राहते, त्यांच्यातल्याच एकाबरोबर."

मी त्यांना हजार-बाराशे वर्षांचा हिशेब सांगून पाहिला. त्यांना तो पटलाही. पण पटल्यामुळे भीती जाते, असं त्यांच्या बाबतीत कधीच झालेलं नव्हतं. त्यातच मुग्धाला दिवस गेल्याची बातमी आली, आणि ती पाचव्या महिन्यात टॉमला घेऊन पनवेलला येणार असं ठरलं.

ते दोघं यायच्या आदल्या आठवड्यात मी ताईकडे गेलो, तर ती देवघरासमोर कपाळाला हात लावून बसलेली. घरातले चांदीचे देव भाऊजींनी बँकेच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवले होते. विळी आणि कोयता माळ्यावर गेला होता. "पूजा कशाची करू मी?" ताईनं विचारलं, तर त्यांनी ताम्हनात पाच सुपाऱ्या मांडून दिल्या आणि म्हणाले, "शास्त्राला चालतं."

वायकिंग आला. उंची अशी, की दारातून येताना त्याला वाकावं लागलं. लाल दाढी, निळे डोळे, आणि आवाज इतका मऊ, की ताईला दोनदा "काय म्हणालास बाळा?" विचारावं लागे. त्यानं वाकून नमस्कार केला, तेव्हा भाऊजी नकळत एक पाऊल मागं सरले. सुपाऱ्यांपुढे तो रोज हात जोडून उभा राहायचा. आपल्या बायकोच्या घराण्यात सुपारीची उपासना आहे, अशी त्याची समजूत झाली आणि त्यानं सुपाऱ्यांचे फोटो काढून आपल्या आईला पाठवले. भाऊजी हे सगळं वर्तमानपत्राच्या आडून बघत. मला हळूच म्हणाले, "चांगलाच वाटतो. तो अधिकारीसुद्धा तेच समजला होता."

टॉमला इथल्या होड्या बघायच्या होत्या. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील उरणकडे मासेमारी करतात. मी त्यांना विचारलं, तर ते खाडीत चक्कर मारून आणायला तयार झाले. भाऊजींनी मुग्धाला बोटीत बसायची साफ मनाई केली, त्यामुळे ती अर्थातच आधी जाऊन बसली. सकाळी बोट सुटली. जेवायच्या वेळेपर्यंत परत येणार होती. मी आणि भाऊजी धक्क्यावर थांबलो.

जेवायची वेळ टळली. पाणी भराभर उतरू लागलं आणि खारफुटीची मुळं उघडी पडली. फोन लागेना. भाऊजी एरवी भीती वाटली की बोलत राहतात, पण त्या दुपारी ते एक शब्द बोलले नाहीत. त्याचं मला जास्त भय वाटलं. शेवटी बोटवाल्यांचा थोरला भाऊ जाळं बाजूला ठेवून उठला. "काय झाला नाय काका," तो म्हणाला. "ओहोटी लागली ना. गालात, चिखलात रुतली आसंल बोट. भरतीला येतील."

"मला तिकडं न्या," भाऊजी म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. हा माणूस गावातल्या तळ्याच्या कठड्याजवळही कधी गेलेला नव्हता. पण ते चपला हातात घेऊन पायऱ्या उतरले, त्याच्या एवढ्याशा डोलणाऱ्या होडीत मधोमध खाली बसले आणि दोन्ही काठ त्यांनी गच्च धरले. होडी एका बाजूला कलली की ते डोळे मिटत. मधेच मला म्हणाले, "मला काही झालं तर कागद कुठं आहेत ते तुझ्या ताईला माहीत आहे." दोन्ही बाजूंना काळा चिखल, वर घिरट्या घालणाऱ्या घारी, आणि पाण्याची वाट पुढं पुढं अरुंद होत चाललेली.

एका वळणावर बोट दिसली. चिखलात रुतून ती तिरकी झाली होती. तिच्यात मुग्धा आडवी पडलेली, हालचाल नाही. आणि तिच्याजवळ टॉम उघडाबंब उभा, कमरेपर्यंत काळाकुट्ट, हातात लांब बांबू. क्षणभर मलाही त्या तीन होड्या आठवल्या. भाऊजी मात्र त्या हलत्या होडीत उभे राहिले, काहीही न धरता, आणि ओरडले, "मुगे."

ती दचकून उठली. झोप लागली होती तिला. "बाबा? तुम्ही होडीत?"

टॉम बोट ढकलायला चिखलात उतरला होता आणि स्वतःच रुतला होता. बोटवाल्यांनी त्याला बांबूच्या आधारानं वर काढलं होतं. त्याचा शर्ट त्यानं मुग्धाच्या डोक्यावर सावलीसाठी बांधला होता. आता आमचीही होडी पुढं जाईना. भरती येईपर्यंत सगळ्यांनी बसून राहायचं, एवढंच उरलं. भाऊजी लेकीजवळ जाऊन बसले आणि बराच वेळ तिची नाडी धरून राहिले.

मग त्यांनी जावयाकडे वळून इंग्रजीत विचारलं. भाऊजींचं इंग्रजी पत्रव्यवहारातलं. त्याच्या पूर्वजांनी साधूंची हत्या कोणत्या कारणास्तव केली, याचा त्यांनी खुलासा मागितला. मुग्धा हसायला लागली, पण टॉम हसला नाही. चिखल खरवडत तो विचार करत राहिला.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "पण माझ्या आईकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच किनाऱ्यावरचे आहेत. म्हणजे होडीतून उतरले ते माझे, आणि किनाऱ्यावरून पळाले तेही बहुतेक माझेच." मग म्हणाला, "मी पळणाऱ्यांवर गेलोय. बाळाचं कळल्यापासून मला रात्री झोप येत नाही. काय काय होऊ शकतं, तेच डोळ्यांपुढे येत राहतं."

भाऊजींनी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत आपल्या जातीचा माणूस पहिल्यांदाच भेटावा, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं. ते सरकून त्याच्याजवळ बसले. "काय काय येतं?" त्यांनी विचारलं. टॉम सांगू लागला. भाऊजी एकेका गोष्टीवर मान डोलवत होते, मधे एखादी राहिलेली सुचवत होते. पाणी हळूहळू चढलं, बोट सरळ झाली, इंजिन सुरू झालं, आणि धक्का येईपर्यंत त्या दोघांचं बोलणं संपलेलं नव्हतं.

बाळंतपणासाठी ताई आणि भाऊजी इंग्लंडला गेले. मुलगी झाली, केस लाल. सहा महिन्यांसाठी गेलेली ही मंडळी अजून परतलेली नाहीत. मी कधी पनवेलला गेलो तर त्यांच्या गल्लीतून उगाच एक चक्कर मारतो. दाराला कुलूप असतं. परवा भाऊजींचा फोन आला, मागं वारा घोंघावत होता. ते रोज संध्याकाळी नातीला बाबागाडीत घालून किनाऱ्यावर नेतात म्हणे.

"आता नाही ना भीती वाटत समुद्राची?" मी विचारलं.

"वाटते की," ते म्हणाले. "पण आता कुणी येईल म्हणून नाही वाटत. ही पोरगी होडी दिसली की हात पुढं करते रे. तिच्या आईसारखीच आहे." बराच वेळ फोनमधून नुसत्या लाटा ऐकू येत राहिल्या, आणि मीही फोन ठेवला नाही.