रोदान्थीमावशीचा कडू वाफा

क्रीटच्या आमच्या डोंगरात स्तामनागाथी उगवते. पालेभाजीच, पण काटेरी आणि कडू. रोदान्थीमावशीनं तिचं बी आणून परसात वाफा केला आणि त्या वाफ्यापायी तिचा नवरा गेला. माझ्या बापाची बकरी भिंत चढून वाफ्यात शिरली, तिच्या नवऱ्यानं बकरीला गोळी घातली आणि माझ्या बापानं त्याला. मूठभर पाल्यापायी! मला त्याची आजही लाज वाटते.

बाप तुरुंगातून सुटून आला आणि आपल्या अंथरुणात मेला. बाप हातचा निसटला की आमच्याकडे त्याच्या मुलाला मारतात. म्हणजे मला.

मावशीनं वाफा काही मोडला नाही. सुरीनं पाला कापायची, मूळ राखायची, की पुन्हा फुटायचा. बायका टोमणे मारत, "भाजी दरसाल फुटते गं, पोराला मिशी कधी फुटायची?" तिच्या मुलाला, स्तेलियोसला, कॉफीच्या दुकानात विचारत, "रस्त्यावरच्या पाट्यांची गोळ्यांनी चाळण केलीस. पाट्यांनी मारला काय रे तुझा बाप?"

जानेवारीतल्या एका दुपारी माझी बकरी त्याच भिंतीवरून त्याच वाफ्यात पडली. मी शिंगं धरून तिला ओढत होतो, तोच स्तेलियोस बंदूक घेऊन बाहेर आला.

"मार्कोस, सरळ उभा राहा. पाठीत नाही मारायचं मला."

मावशी तिथंच कुदळीनं माती उकरत होती. "स्तेलियोस, घरात जा."

"मध्ये पडू नकोस आई. गाव थुंकतंय माझ्यावर."

"थुंकू दे. पुसता येतं."

त्यानं भिंतीवर कोपर टेकून नेम धरला. मावशीनं कुदळीचा दांडा त्याच्या मनगटावर हाणला. बार उडाला आणि बकरी माझ्या हातातच कोसळली. पाला रक्तानं भरला. स्तेलियोस गुडघ्यांवर आला. मला वाटलं, संपलं. पण मावशीनं त्याचा उजवा हात धरून दगडावर ठेवला आणि कुदळीची बोथट बाजू त्यावर घातली. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"आता धर बंदूक," ती म्हणाली आणि मोठ्यानं रडायला लागली.

"मावशी..."

"गप! तुझ्यासाठी नाही केलं. ह्यानं तुला मारलं असतं, तुझ्या भावानं ह्याला. चालता हो!"

स्तेलियोसची तीन बोटं अजून वळत नाहीत. त्याला आता बापाबद्दल कुणी काही विचारत नाही. तो डाव्या हातानं पाला कापतो आणि संध्याकाळी मावशी त्याच्या उजव्या हाताला कोमट तेल चोळते. दर हिवाळ्यात मी जाऊन तिची भिंत थोडी उंच करतो. एकदा धीर करून म्हणालो, "मावशी, माफ कर."

तिनं वर पाहिलंही नाही. "तुझ्या बापानं माझा नवरा मारला. पोराचा हात मी मोडला. तुमच्या नुसत्या बकऱ्या गेल्या, मार्कोस. दगड नीट बसव."