कामाला लावणारी भाची

माझ्या नणंदेच्या मुलीएवढं लोकांना कामाला लावणारं आजारी माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरं झालं नसेल. आजारी माणसानं कण्हावं आणि भेटायला आलेल्यांनी चहा पिऊन हळहळावं, अशी जगाची रीत. ती तिला मान्य नव्हती.

ती कळवणहून आमच्याकडे मखमलाबादला राहायला आली तेव्हा सतरा वर्षांची होती. मानेला गाठ आली होती, ती कॅन्सरची निघाली. औषधोपचार नाशिकला, म्हणून मुक्काम मामाकडे. आमची फुलशेती. दुपारी ओट्यावर झेंडूचा ढीग पडायचा आणि घरातल्या बायका हार ओवायला बसायच्या. कळवणहून माणसं जीप भरून यायची, मोसंबी आणायची आणि तोंड बारीक करून तिच्याकडे बघत बसायची. ती प्रत्येकाच्या हातात सुईदोरा द्यायची. "नुसतं माझ्या तोंडाकडं बघून काय मिळणार? ओवा." तिची एक आत्या खास रडायला म्हणून आली होती. तिनं पदर डोळ्याला लावला, तोच ही म्हणाली, "आत्या, आधी हार पुरा कर. डोळ्यांत पाणी आलं की सुई बोटात जाती." आत्यानं त्या दुपारी अकरा हार केले आणि रडायचं राहूनच गेलं म्हणून जाताना उंबऱ्यात थोडं रडून घेतलं. दसऱ्याला मजूर मिळेनात तेव्हा आमचे हे म्हणाले, "कळवणला निरोप धाडा, पोरीला लय बरं नाय म्हणून."

केस गेले तेव्हा तिनं मामाची पांढरी टोपी उचलली आणि डोक्यावर घातली ती घातलीच. हे बोडक्यानं फुलबाजारात गेले. जन्मात टोपीशिवाय न दिसलेला माणूस. जो तो विचारू लागला, घरात काय झालं. यांनी घरी येऊन ते सांगितलं, तर ही पोट धरून हसली. "मी अजून हाये म्हणावं." शेवटी यांनी स्वतःसाठी दोन नव्या टोप्या आणल्या. त्यातलीही एक तिनं घेतली, धुवायला टाकल्यावर लागते म्हणून.

हॉस्पिटलात तिला कुठं बसवावं हे कुणालाच कळत नसे. लहान मुलांच्या खोलीत भिंतीवर ससे रंगवलेले, मोठ्यांच्या खोलीत म्हातारी माणसं जपमाळ घेऊन. "मामी, मला सशांचं वय नाय अन् माळेचंबी नाय," असं म्हणून ती सलाईनचा खांब ढकलत जिन्याजवळच्या बाकावर जाऊन बसायची. तिथं तिला पेठचा एक कॉलेजातला मुलगा आणि सुरगाण्याची एक नवी नवरी अशी दोघं भेटली. तिघं क्रिकेटवरून भांडायची, सिनेमावरून भांडायची. आजाराचं नाव कुणी काढायचं नाही. मी डबा धरून बाजूला उभी. एका खेपेला नवरी आली नाही, पुढच्या खेपेलाही नाही. त्या दिवशी घरी येऊन ही गुपचूप हार ओवत बसली आणि फुलं संपली तरी जागची उठली नाही.

दहा महिन्यांनी औषध थांबलं आणि ती बरी होऊन कळवणला परत गेली. चार वर्षं झाली, केस कमरेपर्यंत आले, आणि तिला बघायला पाहुणे येऊ लागले. नणंदबाईंनी सगळ्यांना बजावलं होतं, पोरीला टायफॉईड झाला होता म्हणायचं. पण मुलामुलीला पाच मिनिटं बोलायला अंगणात सोडलं, की ही सगळं सांगून मोकळी व्हायची. दोन स्थळं अशी गेली. तिसऱ्या वेळी नणंदबाईंनी तिला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. पोरीच्या भावाला घातली, माझ्या नवऱ्याला घातली. मला घालायचं कुणाच्या मनातच आलं नाही. मी पाहुण्यांसमोर कधी तोंड उघडलेलंच नव्हतं.

पाहुणे कळवणच्या घरी ओसरीवर बसले होते. आत मी पोहे वाढत होते, ती साडी नेसून उभी होती. तिला मुलगा पसंत आहे हे मला दिसत होतं, कारण आज ती गप्प होती. ती हळूच म्हणाली, "मामी, खोट्यावर नाय जायचं मला त्या घरी. पण मला शपथ हाये." मग पोह्यांचं ताट माझ्या हातात दिलं. "तुला नाय."

मी ताट घेऊन बाहेर गेले. बशा ठेवल्या. तिथंच खाली बसले, आणि मुलाच्या आईकडं न बघता जमिनीला सांगितलं, "पोरीला सतराव्या वर्षी कॅन्सर झाला होता. आता बरी आहे. डॉक्टरांचे कागद आहेत." मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. नणंदबाई भिंतीसारख्या झाल्या. मुलाची आई म्हणाली, "कागद आणा." मुलगा ते वाचत बसला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग माणसं उठून गेली. आठ दिवस नणंदबाई मला वहिनी म्हणाल्या नाहीत. नवव्या दिवशी होकार आला.

आता ती सिन्नरला असते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला बोलावलं होतं. शेजारच्या बायका जमल्या होत्या. त्यातली एक मला म्हणाली, "लहानपणी कशी होती हो ही?" मी काही बोलायच्या आत हिनं मला वाटी आणायच्या निमित्तानं आत नेलं.

"मामी, इथं ते कुणाला ठाऊक नाय. घरच्यांपासून काय लपवलेलं नाय. पण या बायकांत मी नुसती शेजारीण हाये. तेवढी राहू दे."

मी बाहेर आले आणि म्हणाले, "चारचौघींसारखीच होती." तिच्याविषयी मी बोललेलं हे एकच खोटं. ते ऐकून तिच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं, की मला बरं वाटलं.

परत येताना एसटीत मात्र खिडकीशी बसून मला त्या टोपीवाल्या पोरीची फार आठवण आली. नुकतीच तर तिला भेटून निघाले होते.